सफरचंदाचे बी रुजते, पण जात उतरत नाही
(थंड मुलखात घरात रोपे कशी करतात, याची माहिती)



सफरचंद खाऊन झालं की हातात पाच-सात तपकिरी बिया उरतात. मातीत टाकल्या तर झाड येईल का, असं कुणाच्याही मनात येतं. कुणाचा मुलगा फौजेत असून काश्मिरात किंवा हिमाचलात राहतो, कुणाची लेक आणि जावई कॅनडात नाहीतर जर्मनीत आहेत. तिथे बाहेर बर्फ असतो, म्हणून घरातच रोपं करून पाहावीत असं त्यांना वाटतं. कुणाला इथेच, नाशिक-पुण्याकडे, चार झाडं लावावीशी वाटतात. या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी माहिती या पत्रकात दिली आहे.

उत्तर आधीच सांगून टाकू. बी रुजतं आणि झाडही येतं. मात्र तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात :

१) रुजण्याआधी बियांना दोन-तीन महिने ओल आणि थंडी मिळावी लागते.
२) पुढे झाडालाही दर हिवाळ्यात थंडी लागते.
३) ज्या जातीच्या फळातून बी काढलं, त्या जातीचं फळ त्या झाडाला लागत नाही.

पहिली गोष्ट चुकली तर बी वाया जातं, म्हणजे फार मोठं नुकसान नाही. तिसरी गोष्ट न कळली तर मात्र झाड वाढवण्यात सात-आठ वर्षं जातात, आणि शेवटी हाती येतं ते लहानसं आंबट फळ. म्हणून कशासाठी रोप करायचं, हे आधी ठरवावं आणि मग कुंडीत माती भरावी.

बी लगेच का रुजत नाही?

सफरचंदाचं फळ थंड मुलखात उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पिकतं. फळ खाली पडून बी तेव्हाच रुजलं असतं, तर महिन्या-दीड महिन्याचं कोवळं रोप बर्फात सापडून मेलं असतं. निसर्गाने यावर तोड काढली आहे. फळातून निघालेलं बी झोपेत असतं. रुजणं रोखून धरणारी द्रव्यं त्यात असतात. ओलसर जागी थंडीत काही आठवडे गेले की त्यांचा जोर ओसरतो आणि रुजवण्याची द्रव्यं तयार होतात. हिवाळा होऊन गेला, आता डोकं वर काढायला हरकत नाही, हे बियांना असं कळतं.

या कामाला ओल आणि थंडी दोन्ही एकदम लागतात. कोरडं बी पुडीत बांधून थंडीत ठेवलं तर त्याची झोप मोडत नाही. ओलं बी उबदार खोलीत ठेवलं तर ते कुजतं.

जात का उतरत नाही?

हे समजायला लांब जायला नको. कोकणात हापूसची कोय लावली तर त्यातून हापूस येत नाही, रायवळ येतो. म्हणून कोकणातला बागायतदार कोय लावतो ती खुंटासाठी, आणि त्यावर हापूसची काडी बांधतो. सफरचंदाचंही तसंच आहे.

सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागाने नीट फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचा पराग लागतो. हिमाचलात रॉयल डेलिशसच्या बागेत म्हणूनच मधूनमधून गोल्डन डेलिशस, रेड गोल्ड अशा दुसऱ्या जातींची झाडं ठेवतात आणि फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या आणतात. फळाचा गर हा आईचा असतो, म्हणून एका झाडाची सगळी फळं सारखी दिसतात. आतल्या बियांमध्ये मात्र आई-बाप दोघांचे गुण उतरतात. आई कोण ते आपल्याला माहीत असतं, बाप कोण ते माशीलाच ठाऊक. एकाच फळातल्या सात बियांपासून सात तऱ्हेची झाडं निघतात.

कधी कधी यातूनच सोनं निघतं. रेड डेलिशस ही जात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपापासून आली. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं सफरचंद ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या आवारात १८६८ च्या सुमारास असंच उगवलं. इंग्लंडमध्ये साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ साली लावलेल्या बियांतून ब्रॅम्ली ही स्वयंपाकाची नामांकित जात मिळाली.

ही नावं वाचून हुरळून जाऊ नये. अशा एकेका झाडामागे न सांगण्याजोगी फळं देणारी असंख्य झाडं होऊन गेली. आणि चांगलं झाड सापडल्यावरही त्याचं बी कुणी वाटलं नाही, काड्या घेऊन कलमंच केली. आज जगात जिथे जिथे ग्रॅनी स्मिथचं झाड आहे, ते त्या एका झाडाच्या काडीवरूनच वाढलेलं आहे.

मग बियांपासून रोपं करायची कशाला?

याची चांगली कारणं तीन आहेत.

एक, खुंट तयार करण्यासाठी. बियांपासून झालेल्या खुंटाचं मूळ खोल जातं, झाड जमिनीला घट्ट धरून राहतं आणि पावसावरच्या डोंगरउतारावर तग धरतं. हिमाचल आणि काश्मिरातल्या जुन्या बागा बहुतेक अशाच खुंटांवर उभ्या आहेत. सफरचंदाचे विषाणुरोग बहुधा बियांतून उतरत नाहीत, हाही फायदा आहे. तोटा असा की झाड मोठं होतं, जागा जास्त घेतं आणि कलम केल्यावरही भरपूर फळाला पाच ते आठ वर्षं लागतात. नव्या दाट लागवडीच्या बागांत म्हणून एम-९, एमएम-१०६ यांसारखे ठेंगणे आणि मध्यम खुंट वापरतात. ते बियांपासून होत नाहीत, फुटव्यांपासून वाढवतात.

दोन, नवीन जात शोधण्यासाठी. हे काम संशोधन केंद्रांचं. हौसेने करणाऱ्याने दहा-बारा वर्षांची तयारी ठेवावी.

तीन, शिकण्यासाठी. शाळेतल्या मुलांना झाडाची झोप, थंडी आणि कलम हे एका कुंडीत दाखवता येतं. हेही काम लहान नव्हे.

कामाचं वेळापत्रक

सिमला, कुलू, किन्नौर या जिल्ह्यांतल्या उंच गावांत डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ असतो. तिथल्या हिशोबाने कामं अशी बसतात. परदेशात थंड मुलखात राहणाऱ्यांनी आपल्या गावचं शेवटचं दव कधी गोठतं ते पाहून महिने मागेपुढे करावेत.

सप्टेंबर-ऑक्टोबर : पिकलेल्या फळांतून बी काढणे.
नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर : बी ओल्या वाळूत थंडीला लावणे.
फेब्रुवारीअखेर ते मार्च : बी घरात कुंड्यांत पेरणे.
एप्रिलअखेर ते मे : दव गोठणं थांबल्यावर रोपं बाहेर काढणे.
पुढचा हिवाळा : पानगळ, रोपांना विश्रांती.
त्यानंतरचा फेब्रुवारी-मार्च : रोप पेन्सिलीएवढं जाड झालं असेल तर कलम बांधणे.

घरात पेरण्याचा फायदा एवढाच की रोपांना सहा ते आठ आठवड्यांची आघाडी मिळते, आणि उंदीर, पाखरं व उशिराचं गोठणं यांपासून ती वाचतात. घर ही पन्हेरी आहे, झाडाचा कायमचा मुक्काम नव्हे. हे विसरू नये.

बी काढणे

१) फळ पूर्ण पिकलेलं असावं. फळ आडवं कापलं तर मध्ये चांदणीसारखे पाच कप्पे दिसतात. प्रत्येकात सहसा दोन बिया असतात, म्हणजे भरलेल्या फळात दहापर्यंत मिळतात.
२) गडद तपकिरी, फुगीर, टणक बिया घ्याव्यात. पांढुरक्या, चपट्या, पोचट बिया टाकून द्याव्यात.
३) गर पूर्ण धुऊन काढावा. गर राहिला तर बुरशी येते.
४) बिया पाण्यात टाकाव्यात. तळाशी बसतात त्या भरीव समजाव्यात. तरंगणाऱ्या बहुधा पोकळ असतात.
५) लगेच थंडीला लावायच्या नसतील तर सावलीत सुकवून कागदाच्या पाकिटात ठेवाव्यात. पाकिटावर जात आणि तारीख लिहावी.

जितकी रोपं हवीत त्याच्या तिप्पट बिया घ्याव्यात. सगळ्या रुजत नाहीत, आणि रुजलेली सगळी टिकत नाहीत.

एक सूचना. सफरचंदाचं बी चावलं गेलं तर त्यातून विषारी द्रव्य तयार होतं. चुकून दोन-चार बिया अख्ख्या गिळल्या गेल्या तर घाबरण्याचं कारण नाही, पण बियांची वाटी लहान मुलांच्या किंवा जनावरांच्या समोर राहू देऊ नये.

थंडी देणे

बिया साध्या पाण्यात एक दिवस-रात्र भिजवाव्यात. स्वच्छ नदीची वाळू धुऊन, उकळत्या पाण्याने भिजवून थंड होऊ द्यावी. वाळू किती ओली असावी? मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. एक वाटी बियांना तीन वाट्या वाळू घेऊन मिसळावी. वाळूऐवजी कोकोपीट चालतं.

डोंगरातले लोक हे मिश्रण लाकडी खोक्यात थरावर थर घालून भरतात आणि घराच्या उत्तर बाजूला, सावलीत, जमिनीत पुरून ठेवतात. वर बर्फ साचतो. बर्फाखालची जमीन फारशी गोठत नाही, थंडी एकसारखी राहते. खोक्यावर बारीक तारेची जाळी ठोकायला विसरू नये, नाहीतर बी उंदरांच्या पोटात जातं.

घरात करायचं असेल तर झाकणाच्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत मिश्रण भरावं, हवेसाठी दोन-चार छिद्रं पाडावीत आणि डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. ३ ते ५ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० ते ९० दिवसांचा काळ पुरेसा होतो.

दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पाहावा. वाळू कोरडी वाटली तर पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. बुरशी दिसली तर बिया धुवाव्यात, सडक्या काढून टाकाव्यात आणि वाळू बदलावी. डबा चार-चार दिवस बाहेर उबेत राहू देऊ नये, मिळालेल्या थंडीचा गुण त्याने कमी होतो. मुदत संपण्याआधीच काही बियांतून पांढरं मूळ डोकावलं तर त्या वेगळ्या काढून लगेच पेराव्यात.

घरात पेरणी

सफरचंदाचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून उथळ ताट किंवा वाटी कामाची नाही. २५ ते ३० सेंटिमीटर खोल कुंडी किंवा पॉलिथिनची पिशवी घ्यावी. तळाला छिद्रं असलीच पाहिजेत. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत असं मिश्रण भरावं. अर्धवट कुजलेलं खत घरात अजिबात वापरू नये, त्याने बुरशी आणि माश्या दोन्ही वाढतात.

बी एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावं. मूळ फुटलेलं असेल तर ते मोडू न देता टोक खाली करून ठेवावं. एका कुंडीत दोन बिया टाकाव्यात, पुढे जोमदार रोप ठेवून दुसरं मुळापाशी कात्रीने कापावं. उपटू नये, शेजारच्याची मुळं हलतात.

खोलीचं तापमान १५ ते २० अंश असावं. फार ऊब दिली म्हणजे लवकर उगवेल, हा समज चुकीचा आहे. जास्त उष्णतेत बी पुन्हा झोपी जातं. एक ते तीन आठवड्यांत आधी दोन जाड, गुळगुळीत डाळिंब्या वर येतात आणि मग करवती कडांची खरी पानं फुटतात.

घरातली निगा

उजेड : घरातली रोपं सर्वांत जास्त बिघडतात ती उजेडाअभावी. रोप उंच, पांढुरकं आणि सुतासारखं बारीक होऊन खिडकीकडे वाकलं, की उजेड कमी आहे असं समजावं. कुंड्या दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवाव्यात आणि रोज थोड्या फिरवाव्यात. हिवाळ्यात दिवस लहान असतो, तेव्हा ट्यूबलाइट किंवा एलईडी दिवा रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगून रोज १४ ते १६ तास लावावा. रात्री अंधार हवाच.

ऊब : डोंगरातल्या घरात बुखारी किंवा तंदूर पेटलेला असतो. त्याच्या शेजारी कुंडी ठेवू नये. कोरड्या गरम हवेत पानांच्या कडा करपतात आणि लाल कोळी लागतो. रोपांना घरातली त्यातल्या त्यात थंड, पण उजेडाची खोली द्यावी.

पाणी : वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्यावं, रोजच्या रोज घालू नये. बर्फासारखं गार पाणी वापरू नये, खोलीत ठेवून निवलेलं द्यावं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

रोपं कोलमडणे : मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत दिसतो तोच हा रोग. रोप जमिनीलगत पिचतं आणि आडवं पडतं. एकदा लागला की त्या रोपाला उपाय नाही. म्हणून माती आधीच उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावी, दाटी टाळावी, हवा खेळती ठेवावी आणि पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावं. पडलेलं रोप मातीसकट काढून टाकावं.

खत : पहिली पाच-सहा पानं येईपर्यंत काही देऊ नये. पुढे पंधरा दिवसांनी एकदा, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ विरघळवून द्यावं. ऑगस्टनंतर नत्र बंद करावं. उशिरा फुटलेली कोवळी फूट हिवाळ्यात आधी मरते.

रोपं बाहेर काढणे

घरातलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. आठ-दहा दिवस सवय लावावी. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, असं वाढवत न्यावं. रात्री आत घ्यावं. दव गोठणं पूर्ण थांबलं की बाहेरच राहू द्यावं. बाहेरच्या वाऱ्याने हलल्यावर खोड टणक होतं, ते काम घरात होत नाही.

वाफ्यात लावायचं असेल तर दोन रोपांत वीतभर आणि दोन ओळींत दोन वीत अंतर ठेवावं. तण काढावं, पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर भुरी आहे असं समजून ती पानं खुडावीत, गरजेप्रमाणे गंधकाची फवारणी करावी. खोडावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो लोकरी मावा. तो मुळांवरही जातो, म्हणून दिसताच पुसून काढावा.

पहिला हिवाळा

इथे घरात रोपं वाढवणारे बहुतेक लोक चुकतात. बाहेर थंडी पडली की मायेने रोप घरात, उबेला आणतात. रोपाचा त्याने घात होतो. सफरचंदाला पानं गाळून झोपायला हवं असतं. त्याला सतत उबेत ठेवलं तर ते झोपू शकत नाही, वसंतात डोळे नीट फुटत नाहीत आणि दोन-तीन वर्षांत झाड खुरटतं.

म्हणून पानगळ होऊ द्यावी. जमिनीत लावलेल्या रोपाच्या बुडाशी पेंढा किंवा पाला पसरावा, तो खोडाला चिकटून ठेवू नये. कुंडीतलं रोप असेल तर कुंडी जमिनीत पुरावी, किंवा शेकोटी-हीटर नसलेल्या पडवीत ठेवावी. कुंडीतली मुळं जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात, म्हणून कुंडीभोवती गोणपाट आणि पेंढा गुंडाळावा. माती अगदी सुकू देऊ नये, महिन्यातून एक-दोनदा घोटभर पाणी पुरतं.

कलम बांधणे

रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की ते खुंट म्हणून तयार झालं. काडी मात्र ओळखीच्या, निरोगी, भरघोस फळणाऱ्या झाडाची घ्यावी. झाड झोपेत असताना, जानेवारीत, मागच्या हंगामातली पक्व काडी कापावी. ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थंड जागी ठेवावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटाचे डोळे फुगू लागले की जमिनीपासून वीतभर उंचीवर खुंट कापावा. खुंटाला आणि काडीला सारखाच तिरका काप देऊन दोन्हींत जिभलीसारखी खाच पाडावी आणि एकमेकांत अडकवावं. निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, नाहीतर जोड धरत नाही. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी. जोड धरल्यावर पट्टी सोडावी. खुंटावरची फूट वेळोवेळी काढावी. उन्हाळ्यात डोळा भरण्याची रीतही चालते. गुलाबाला किंवा बोराला डोळा भरणाऱ्याला ती सहज जमते.

झाड कायमच्या जागी लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या काडीला मुळं फुटतात आणि खुंटाचा गुण वाया जातो.

आपल्याकडे, महाराष्ट्रात काय?

फ्रिजमध्ये थंडी देऊन पुण्यात किंवा नागपुरातही बी रुजवता येतं. फ्रिजने बियांची थंडी भागते, झाडाची भागत नाही. डेलिशस गटातल्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखाली साधारण १००० ते १५०० तास थंडी लागते. रोज बारा तास धरले तरी तो तीन-चार महिन्यांचा हिवाळा झाला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं, निफाडला थंडीच्या लाटेत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पण त्या चार रात्री झाल्या, आणि दुपारी ऊन असतंच. अशा हवेत ही झाडं वेडीवाकडी फुटतात, फुलोरा धरत नाहीत.

कमी थंडीवर फळणाऱ्या जाती वेगळ्या आहेत. ॲना ही इस्रायलची आणि डॉर्सेट गोल्डन ही बहामा बेटांतली. आपल्या देशातली एच.आर.एम.एन.-९९ ही जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी पुढे आणली. त्यांच्या परसात टाकून दिलेल्या बियांतून १९९९ मध्ये एक रोप उगवलेलं दिसलं. उन्हाळ्यात तापणाऱ्या त्या सखल गावात त्याला फळं धरली. त्यांनी ते झाड जपलं आणि त्याच्या काड्यांवरून कलमं केली. शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ही जात लावली आहे. बियांतून निघालेलं ते झाड वाढलं ते कलमांनीच, हे इथे पुन्हा दिसतं.

अशी कलमं घ्यायची असतील तर :

१) जोड पाहून घ्यावा. वीतभर उंचीवर खोडाला गाठ किंवा बाक दिसला पाहिजे. जोड नसलेलं रोप हे बियांचं रोप, ते कितीही स्वस्त दिलं तरी बागेसाठी घेऊ नये.
२) नोंदणी असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्यावं, आणि जात व खुंट यांची नावं लिहिलेली पावती मागावी. तोंडी भरवसा पुरेसा नाही.
३) आधी पाच-दहा झाडं लावून तीन-चार वर्षं पाहावं. एकदम एकरभर लागवडीसाठी कर्ज काढू नये.
४) सिमल्याच्या सफरचंदाचा भाव आपल्या फळाला मिळेल असं धरून हिशोब मांडू नये.

परदेशातल्या नातेवाइकांनी बी किंवा काडी पिशवीतून आणू नये. त्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. एका काडीबरोबर आलेला रोग साऱ्या मुलखाला पुरतो.

नेहमीचे प्रश्न

शीतगृहातल्या फळांचं बी चालतं का?
चालतं. काही महिने थंडीत राहिलेल्या फळातल्या बियांना थोडी थंडी आधीच मिळालेली असते. तरीही वाळूत लावावं आणि लवकर तपासत राहावं.

बियांचं झाड कुंडीतच ठेवलं तर फळेल का?
खुंट मोठ्या वाढीचा असल्याने कठीण. कुंडीत फळ हवं असेल तर ठेंगण्या खुंटावरचं कलम घ्यावं, आणि परागासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ असावं.

बियांच्या झाडाला पहिलं फळ कधी?
थंड मुलखात सात ते दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. कलम न करता ठेवायचंच असेल तर एखादंच ठेवावं, बाकीच्यांवर कलम बांधावं.

ध्यानात ठेवा

• बियांना ओली थंडी : ३ ते ५ अंश, ७० ते ९० दिवस.
• घरात भरपूर उजेड, बेताची ऊब, मोजकं पाणी.
• पहिल्या हिवाळ्यात रोप उबेला आणू नये.
• बी खुंटासाठी, काडी जातीसाठी.
• विकत घेताना कलमाचा जोड आणि पावती दोन्ही पाहावीत.

हे पत्रक जपून ठेवावं. थंड मुलखात आपलं कुणी असेल तर त्यांना नोव्हेंबरच्या आधी पाठवावं, म्हणजे बी वेळेवर वाळूत पडेल.